कचेरीच्या मेजावरील हसरी कुंडी

गेल्या वैशाखात एका सरकारी कचेरीत आम्हांस दोन-अडीच तास बसून राहण्याचा प्रसंग आला. कचेरी कोणती हे सांगण्याचे प्रयोजन नाही. अशा कचेऱ्या सर्वत्र सारख्याच असतात आणि त्यांतील बाकेही सारखीच टणक असतात. काम आमचे स्वतःचे नव्हते. करकंबास आमच्या शेजारी राहणाऱ्या एका बाईंच्या वारसनोंदीचे ते काम होते, आणि चार कागद वाचू शकेल असा मनुष्य सोबतीस असावा म्हणून त्यांनी आम्हांस बरोबर घेतले होते. बाईंचे यजमान संक्रांतीच्या आगेमागे वारले. दोन एकर द्राक्षबाग, तिच्यावर सोसायटीचे कर्ज, आणि सातबाऱ्यावर अद्याप मृताचेच नाव, असा तो मामला होता. वारसांची नोंद व्हावयाची, फेरफार निघावयाचा, हरकतीची मुदत संपावयाची, आणि मग मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावयाचा. तोवर ज्या वेलींची छाटणी बाईंनी वर्षानुवर्षे आपल्या हाताने केली त्या वेलींशी कागदोपत्री त्यांचा काही संबंध नव्हता.

ज्या मेजासमोर आम्ही बसलो होतो त्यावर कागदांच्या दोन चळतींच्या मधोमध एक कुंडी ठेवलेली होती. चिनी मातीची, वीतभर उंचीची, आणि तिला मनुष्याच्या मस्तकाचा आकार दिलेला. गाल फुगलेले, एक डोळा मिचकावलेला, जिभेचे टोक ओठांबाहेर आलेले. आणि टाळूच्या जागी जे भगदाड होते त्यातून जाड, रसाळ पानांचे एक रोप विस्कटलेल्या केसांप्रमाणे वर आलेले. गळ्यावर इंग्रजीत एक ओळ छापलेली होती. तिचा आशय एवढाच, की या गृहस्थास सोमवार मुळीच आवडत नाही. म्हणजे कामाविषयीची आपली नाराजी त्या मस्तकाने अर्जदार तोंड उघडण्यापूर्वीच जाहीर करून टाकली होती. तो दिवस नेमका सोमवार होता.

आम्ही बाईंकडे पाहिले, मग त्या मुखाकडे पाहिले, आणि आम्हांस संताप आला. ज्या जागी माणसे मृत्यूचे दाखले, जप्तीच्या नोटिसा आणि भाऊबंदकीचे कज्जे घेऊन येतात, त्या जागी जीभ दाखविणारे मुख ठेवावयाचे, ही कोणती रसिकता? कुंडीचे तोंड कारकुनाकडे नव्हते, ते आमच्याकडे होते. कारकुनास केवळ पाठमोरा गोळा आणि त्यावरील हिरवी पाने दिसत असतील. चेष्टा दिसत होती ती बाकावरील लोकांना. दोन तासांत मनुष्य पुष्कळ विचार करू शकतो. त्या अवधीत आम्ही वरिष्ठांकडे पाठवावयाचे एक तक्रारपत्र मनातल्या मनात लिहून पुरे केले, आणि ते बरेच कडक उतरले होते हे आम्हांस कबूल केले पाहिजे.

कुंडीवरून नीतीचा प्रश्न काढणे हा राईचा पर्वत आहे, असे वाचकांपैकी कित्येकांस वाटेल. परंतु नीतीचे मोठे प्रश्न बहुतेक मनुष्यांच्या वाट्यास आयुष्यात एकदोनदाच येतात. लहान प्रश्न रोज येतात आणि उत्तर न देताच आपण ते ओलांडतो. प्रस्तुत प्रश्न असा: ज्याच्या हाती दुसऱ्याचे काम आहे त्याने आपल्या करमणुकीसाठी आपल्या आसनाभोवती हसण्याची सामग्री मांडावी काय? आणि त्याच्याच पोटात दुसरा: दुःखी मनुष्याचा जगावर असा काही हक्क आहे काय, की त्याच्या समोर जगाने गंभीर मुद्रा धारण करावी? पहिल्यास ‘नाही’ आणि दुसऱ्यास ‘होय’ अशी उत्तरे आम्ही बाकावर बसल्या बसल्या देऊन मोकळे झालो होतो. घरी आल्यावर ती दोन्ही डळमळू लागली.

प्रथम त्या वस्तूचेच पाहू. आजकाल अशा कुंड्या शहरांतील दुकानांत ढिगाने मिळतात: पोट सुटलेला हत्ती, डुलक्या घेणारा वानर, पाठीवर निवडुंग घेतलेले साळिंदर, दाढीच्या जागी शेवाळ उगवलेला बुवा. हे सर्व परदेशी खूळ आहे असे म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. पण करकंबच्या शिवारात ज्वारी निसवल्यावर एक फेरफटका मारावा. दोन काठ्यांची फुली, तिच्यावर फाटका सदरा, आणि वर उपडे घातलेले काळे मडके. मडक्यावर चुन्याने काढलेले वाटोळे डोळे, कानापर्यंत गेलेल्या मिशा आणि मोजता येतील असे दात. बुजगावण्याने पाखरे भितात असा समज आहे. आम्ही तर त्याच्या खांद्यावर कावळा निवांत बसलेला पाहिला आहे. पण पोरे ते पाहून हसतात, आणि जाणती माणसे सांगतात, की त्याचे खरे काम पाखरांना भिववण्याचे नाहीच. वाटसरूची पहिली नजर पिकावर न पडता त्या वेड्यावाकड्या तोंडावर पडावी, दृष्ट तेथेच जिरावी, हा त्याचा हेतू. नव्या घराच्या आढ्यास जीभ काढलेला राक्षस टांगतात तो याचसाठी. म्हणजे विद्रूप आणि हास्यास्पद मुख हे आपल्याकडे शोभेचे नसून संरक्षणाचे साधन आहे.

हे ध्यानी आल्यावर कारकुनाच्या त्या कुंडीचे तोंड बाहेर का होते याचा एक निराळाच अर्थ आम्हांस दिसू लागला. दिवसभर त्या मेजासमोर जे येतात ते रागावलेले, खेटे घालून दमलेले, किंवा आता हा काय मागतो या संशयाने भरलेले. त्या सर्वांची पहिली नजर त्या मनुष्याच्या चेहऱ्यावर पडते. ती मधल्यामध्ये झेलणारे एखादे मडके त्याने मेजावर उभे केले असेल, तर त्यात त्याने शेतकऱ्यापेक्षा वेगळे काय केले?

मडके आणि मस्तक यांचे नाते आपल्या या भागाला नवे नाही. तेरच्या गोरोबाकाकांची कथा कोणास ठाऊक नाही? संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या बोलण्यावरून गोरोबांनी आपले थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर हाणून कोणते मडके भाजलेले व कोणते कच्चे याची परीक्षा केली. बाकीचे निमूट बसले. नामदेव मात्र चिडले, आणि कच्चे ठरले. ही कथा सांगताना कीर्तनकार श्रोत्यांना पोट धरून हसवितो, आणि त्याच हशात ऐकणाऱ्याचा हात नकळत आपल्या डोक्याकडे जातो. थापटण्याचा मार सोसण्यापेक्षा आपण हास्यास्पद झालो हे सोसणे अवघड, असा आमचा त्या कथेचा अर्थ आहे. कचेरीतल्या त्या मस्तकाने जीभ दाखविताच आम्ही जे चिडलो, त्यावरून गोरोबांनी आमच्याविषयी काय निकाल दिला असता तो उघड आहे.

डोक्यावर रोप वाढविणे हेही आपल्याला अपरिचित नाही. पैठणहून एकनाथांची आणि त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी आषाढीस पंढरपुराकडे जाते ती करकंबावरून. त्या दिंड्यांतून डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन कोसच्या कोस चालणाऱ्या स्त्रिया आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहो. पितळेचे किंवा मातीचे ते लहानसे वृंदावन, त्यात हाताएवढी तुळस, आणि खाली घामाने डबडबलेला चेहरा. कुंडीस मानवी मुख देणाऱ्या कारागिराने जे चिनी मातीत केले ते या बाया आपल्या देहाने करतात. येथे मात्र हसू येत नाही. का येत नाही, याचा विचार करण्याजोगा आहे. आकार तोच: खाली मुख, वर झाड. पण एका ठिकाणी मुख झाडाची थट्टा करण्यासाठी आहे, दुसऱ्या ठिकाणी झाडाचा भार वाहण्यासाठी आहे.

आणि गंमत अशी, की मुखाच्या आकाराच्या कुंड्यांचा जो एक जुना घराणा युरोपात नावाजलेला आहे, त्याच्या मुळाशीही विनोद नाही. सिसिली बेटावर काल्ताजिरोने गावचे कुंभार रंगीत मातीची स्त्री-पुरुषांची मस्तके घडवितात आणि त्यांत झाडे लावून ती सज्ज्यांत मांडतात. त्यांची दंतकथा पालेर्मो शहरातली. सज्ज्यात फुलझाडे वाढविणाऱ्या एका तरुणीवर एका अरब पुरुषाचे प्रेम बसले; पुढे त्याची बायकामुले त्याच्या देशी आहेत हे तिला कळले. रात्री तो निजला असता तिने त्याचा वध केला, त्याच्या मस्तकाची कुंडी केली, आणि तीत बेझिल लावून ते आसवांनी शिंपले. ते रोप इतके फोफावले की शेजाऱ्यांस हेवा वाटून त्यांनीही मस्तकाच्या आकाराच्या कुंड्या घडवून घेतल्या. बोकाचिओने चौदाव्या शतकात ‘डेकामेरॉन’मध्ये सांगितलेली मेस्सिनाच्या लिझाबेत्ताची कथा हिचीच चुलत बहीण म्हणता येईल, तिथे भावांनी मारलेल्या प्रियकराचे मस्तक ती कुंडीत पुरते. इंग्रज कवी कीट्स याने १८१८ साली तीवर काव्य रचले. बेझिल म्हणजे आपला सब्जा, तुळशीचाच सगोत्र. इकडे आपली पुराणकथा सांगते, की जालंधराची पत्नी वृंदा हिला विष्णूने तिच्या पतीच्या रूपाने फसविले, ती अग्नीत शिरली, आणि त्या जागी तुळस उगवली. दोन समुद्रांपलीकडच्या दोन कथा, दोहोंत फसविली गेलेली स्त्री, आणि दोहोंच्या शेवटी एकाच कुळातले रोप. यावरून कोणी इतिहासाचे अनुमान काढू नये. आम्हीही काढीत नाही. एवढे मात्र म्हणतो, की कुंडीत झाड लावून समोर ठेवण्याची इच्छा ही आनंदातूनच उपजते असे नाही. पुष्कळदा काहीतरी गेलेले असते, आणि त्या जागी काहीतरी जिवंत ठेवावेसे वाटते.

आता हास्याकडे वळू. भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित व हसित हे उत्तमांचे, विहसित व उपहसित हे मध्यमांचे, अपहसित व अतिहसित हे अधमांचे. विकृत आकार, विकृत वेष, विकृत बोलणे ही त्याची कारणे. आमच्या कुंडीत तिन्ही एकवटली होती. याखेरीज भरताने हास्याचे आणखी दोन भेद केले आहेत, ते आम्हांस अधिक उपयोगी वाटतात: स्वतः हसतो ते आत्मस्थ आणि दुसऱ्यास हसवितो ते परस्थ. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याने १९०० साली हास्यावर जो ग्रंथ लिहिला त्यात तो म्हणतो, की सजीवावर यांत्रिकतेचे पुट चढलेले दिसले म्हणजे आपण हसतो, आणि हसताना हृदय क्षणभर बधिर झालेले असावे लागते. करुणा जागी झाली की हसू विझते. पहिला भाग कुंडीस उलटा लागू पडतो: येथे निर्जीवावर सजीवाचे पुट आहे, आणि कचेरीत बसलेल्या यंत्रवत् माणसांमध्ये तेवढे एक रोपच काय ते वाढत असते. दुसरा भाग मात्र आमच्या संतापाच्या बाजूचा आहे. हसण्यास हृदयाची बधिरता लागत असेल, तर ज्या मेजावर करुणेचे काम चालावयाचे तेथे बधिरतेचे आमंत्रण का मांडून ठेवावे?

या आक्षेपास उत्तर शोधताना आम्हांस कचेरीतील हास्याच्या एका अलीकडच्या इतिहासाची आठवण झाली. पिवळ्या वर्तुळातले दोन ठिपके आणि एक कमान असे जे हसरे तोंड आज जगभर दिसते, ते १९६३ साली अमेरिकेतील वुस्टर गावी हार्वी बॉल नावाच्या चित्रकाराने काढले. कोणासाठी? एका विमा कंपनीसाठी. कंपन्यांच्या एकत्रीकरणामुळे तेथील नोकरवर्ग खट्टू झाला होता, त्यास उत्साह यावा म्हणून. चित्रकारास ४५ डॉलर मिळाले. म्हणजे त्या मुखाचा जन्म आनंदातून झालेला नाही, तो व्यवस्थापनाच्या चिंतेतून झालेला आहे. पुढे १९८३ साली आर्ली हॉखशिल्ड या विदुषीने हवाईसुंदरींचा अभ्यास करून दाखविले, की पगाराच्या मोबदल्यात हसू विकावे लागले म्हणजे मनुष्य स्वतःच्या भावनांना परका होत जातो. हुकुमावरून हसणे हे हुकुमावरून रडण्याहून कमी अपमानाचे नाही. रुदालींची आपण कीव करतो, हसऱ्या विक्रेत्याची करीत नाही, एवढाच भेद.

या दृष्टीने पाहता कचेरीतल्या कारकुनाची ती कुंडी निरपराध ठरू लागते. ती कोणी वरून आलेल्या परिपत्रकान्वये ठेवलेली नव्हती. आणि झाड जवळ असावे या इच्छेत तर काही गैर नाहीच. १९८४ साली रॉजर उलरिख याने पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रोग्यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत ते, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रोगी मोजके, दोहोंकडे २३ च. तेव्हा फार मोठा सिद्धान्त त्यावर उभारू नये. मेजावरील झाड खोलीतील हवा शुद्ध करते, असे जे दुकानदार सांगतात, ते मात्र सोडून द्यावे. अमेरिकेतील अवकाशसंस्थेने १९८९ साली बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवर तो समज उभा आहे. २०१९ साली त्या विषयाच्या सर्व प्रयोगांचा पुन्हा हिशेब झाला तेव्हा असे दिसले, की उघड्या खिडकीची बरोबरी करावयाची तर चौरस मीटरमागे निदान दहा, आणि प्रसंगी हजारपर्यंत रोपे लागतील. एवढी रोपे ठेवल्यावर कारकुनास बसावयास जागा उरणार नाही, आणि अर्जदारास तो दिसणार नाही. झाड डोळ्यांना बरे वाटते, हे एवढे कारण पुरेसे आहे; त्यास उपयुक्ततेचे प्रमाणपत्र कशास हवे?

तरीही मूळ शंका शिल्लक राहतेच. मेज कोणाचे? घरातील देव्हारा ज्याचा त्याचा, त्यावर त्याने काय मांडावे हे इतरांनी सांगू नये. सरकारी मेज हे अर्धे कारकुनाचे व अर्धे समोर बसणाराचे असते, किंबहुना समोर बसणाराचे थोडे अधिकच, कारण मेज आहे ते त्याच्या कामासाठी. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्कांचा अधिनियम झाला. अधिसूचित सेवा नेमून दिलेल्या मुदतीत मिळविण्याचा हक्क त्याने नागरिकास दिला. मुद्रेविषयी त्यात काही नाही, आणि नसावे हेच योग्य. आमच्या जिल्ह्यात मंगळवेढ्यास दामाजीपंत होऊन गेले. दुष्काळात बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे त्यांनी भुकेल्यांसाठी उघडली, व त्यापायी प्राणावर बेतले असता विठ्ठल विठू महाराच्या रूपाने रकमेचा भरणा करून आला, अशी कथा आहे. त्या कथेत दामाजीपंत हसतमुख होते की त्रासिक होते याची चौकशी आजवर कोणा श्रोत्याने केलेली आम्ही ऐकली नाही. कोठाराचे दार उघडले, हे सर्वांना पुरले. उलट दार बंद असेल, तर बाहेर टांगलेले हसरे मुख दाराहून अधिक झोंबते. आमच्या मते प्रश्नाची गाठ येथे आहे. ज्या मेजावरून कामे होतात तेथे जीभ काढलेले मडके म्हणजे खेळकरपणा. ज्या मेजावर कामे अडतात तेथे तेच मडके उर्मटपणा. वस्तू निर्दोषही नाही, सदोषही नाही. तिचा अर्थ तिच्या शेजारच्या चळती किती दिवस हलल्या नाहीत यावर ठरतो.

हे सारे आम्हांस मागाहून सुचले. त्या दिवशी प्रत्यक्षात घडले ते असे. आमचा क्रम लागला तेव्हा आम्ही कागद पुढे करण्याआधीच, शक्य तितक्या सौम्यपणे, पण मनातील पत्राची ऊब बोलण्यात राहीलच, म्हणालो, “ही कुंडी जरा तुमच्याकडे तोंड करून ठेवता येणार नाही का? येणारे लोक दुःखात असतात.”

तो तरुण मनुष्य गोंधळला. मग म्हणाला, “गुरुजी, माझ्या मुलीनं दिलीय ती. ती एकदा इथं आली होती. म्हणाली, बाबा, लोक किती घाबरून बसतात इथं, त्यांना हसू येईल असं काहीतरी ठेवा.” आणि त्याने ती मुकाट्याने फिरविली. आता ती जीभ त्याच्याकडे झाली, आणि आमच्याकडे पाठ.

आम्हांस जिंकल्यासारखे वाटावयास हवे होते, पण तसे वाटले नाही. ज्यास आम्ही उपहास समजलो तो एका मुलीच्या अनुकंपेचा आविष्कार होता. अर्थात हेतू चांगला असल्याने परिणाम चांगला होतोच असे नव्हे, हे उत्तर आमच्यापाशी तयार होते. आणि ते आम्ही देणारही होतो. पण तेवढ्यात, इतका वेळ पदर सावरून गप्प बसलेल्या बाई पुढे वाकल्या. त्यांनी कुंडी आपल्या हातांनी उचलली, तिरकी केली, बुडाशी बोट फिरविले, आणि म्हणाल्या,

“आवं भाऊसाहेब, ह्याला बुडाला भोकच न्हाई. पानी जाणार कुठं? बघा, खालची पानं मऊ पडल्याती. मूळ कुजतंय ह्याचं.”

कारकून म्हणाला, “मी रोज पाणी घालतो की, मावशी.”

“रोज घालताय म्हनूनच,” बाई म्हणाल्या. “आठ-धा दिसांनी घाला. आन् दुसऱ्या कशात तरी लावा आधी, डबा चालंल, पर भोक पाडून. आन् ऊन दावा त्येला जरा.”

आम्ही विचारले, ते मुख पाहून तुम्हांस राग नाही आला? बाईंनी कुंडी फिरवून त्या मुखाकडे पहिल्यानेच नीट पाहिले. “त्वांड व्हय? म्या झाडच बघत व्हते,” असे म्हणून त्यांनी ती होती तशी मेजावर ठेवली, आणि पिशवीतून यजमानांच्या मृत्यूचा दाखला काढला.

दुसऱ्याच्या वतीने अपमान वाटून घेणे, ही सुशिक्षितांची एक खास सवय आहे असे आम्हांस त्या दिवसापासून वाटू लागले आहे. ज्यांच्या दुःखाचे आम्ही राखणदार बनलो होतो त्यांनी ते राखण मागितलेले नव्हते. त्यांचे दुःख एका चिनी मातीच्या जिभेने डिवचले जाण्याइतके उथळ नव्हते, आणि ते दुःख समोर असताना एका कुजणाऱ्या रोपाकडे लक्ष जाऊ नये इतके ते स्वार्थीही नव्हते. करकंबच्या पलीकडे माढे तालुक्यात अरण आहे. तेथे तेराव्या शतकात सावता माळी होऊन गेले. आपला मळा सोडून त्यांना पंढरपुरास जाण्याची गरज वाटली नाही, असे सांगतात. मळ्यात राबणारा मनुष्य झाडाकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर आम्हां पुस्तकी लोकांना सहजी येत नाही. आम्हांस प्रथम अर्थ दिसतो; त्यांना मूळ ओले आहे की कोरडे ते दिसते.

यामुळे आमचा पहिला आक्षेप समूळ खोटा ठरला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्याच बाकावर बसलेला दुसरा कोणी, ज्याचे काम तीन वर्षे अडले आहे, तो त्या जिभेकडे निराळ्या डोळ्यांनी पाहील, आणि त्याचे चुकले असे सांगण्याचा अधिकार त्या बाईंनाही नाही, मुलीलाही नाही. अशा मनुष्यासाठी कुंडीचे तोंड आत असलेलेच बरे. परस्थ हास्यासाठी समोरच्याची अनुमती लागते. आत्मस्थासाठी लागत नाही. मात्र कारकुनाला दिवसभर स्वतःलाच जीभ दाखवून घेण्याची हौस आहे की नाही, हे त्याने ठरवावे.

श्रावणात आम्ही बाईंबरोबर त्या कचेरीत पुन्हा गेलो. हरकतीची मुदत उलटून गेली होती. मंडळ अधिकाऱ्यांची सही तेवढी व्हावयाची होती आणि ते दौऱ्यावर होते. मेजावर ते मस्तक होतेच. त्याच्या टाळूत आता चार लेखण्या, एक तांबडी पेन्सिल आणि एक कात्री खोवलेली होती, व तोंड धड आमच्याकडेही नव्हते आणि धड त्याच्याकडेही नव्हते, ते भिंतीकडे होते. खिडकीत उन्हाच्या पट्ट्यात तेलाचा एक पत्र्याचा डबा ठेवलेला दिसला. त्यात ते रोप लावलेले होते. खालची सडलेली पाने काढून टाकल्यामुळे ते थोडे उघडेबोडके दिसत होते, पण शेंड्यास दोन नवी पाने फुटली होती. बाई प्रथम खिडकीशी गेल्या, डब्यातील मातीस बोट लावून पाहिले, आणि मग त्या बाकावर येऊन बसल्या.